पोच न आलेली वाक्यं

रंगराव इंगवले बोलायला लागले की वाक्य कुठं संपेल, हे खुद्द रंगरावांनाही ठाऊक नसे. कोल्हापूर आणि आसपासच्या कुस्ती-मैदानांत त्यांनी उभी हयात निवेदन केलं. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं गाव, त्याचा वस्ताद, वस्तादाचा वस्ताद, पैलवानाच्या आज्यानं कुठल्या जत्रेत कुणाला घिस्सा मारून चीत केलं होतं, हे सगळं एका दमात सांगून ते श्वास घ्यायचे. तोवर कधीकधी खाली कुस्ती निकाली झालेली असायची. घरीही तीच तऱ्हा. मीठ मागायचं तरी त्यांना प्रस्तावना लागे. त्यांची बायको मालन म्हणायची, "ह्यांचं एक वाक्य हुतंय तवर माझ्या चार भाकरी हुत्यात."

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि त्यानं नेमकी वाचाच नेली. हातपाय सावरले, डोकं लख्ख राहिलं, पण तोंडातून शब्द फुटेना. लिहायला बसवलं तर उजवा हात थरथरायचा. दीड वर्ष त्या घरात एवढी शांतता पसरली की मालनला भाकरी थापायचाही कंटाळा येऊ लागला.

वाचा परत आणली ती सुनेनं. म्हणजे एकटीनं नव्हे, पण हट्ट तिचा. शिवांजली शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या वाचा-केंद्रात नेटवर्क सांभाळायची. तिचा नवरा नोकरीसाठी पुण्याला असे आणि सुट्टीला घरी येई. त्यामुळं सासऱ्यांशी तिचं जेवढं गूळपीठ होतं तेवढं नवऱ्याशीही नव्हतं. त्याला कारणही तसंच होतं. लग्नानंतर ती शिकत राहिली तेव्हा भावकीत कुजबुज होती. तिचा निकाल लागला त्या दिवशी रंगराव एका मैदानात निवेदन करत होते. त्यांनी चालू कुस्ती थांबवली, हलगीवाल्याला गप्प केलं आणि हजारो माणसांसमोर माईकवरून जाहीर केलं, "आमच्या सूनबाई इंजिनियर झाल्या हो! वाजवा हलगी!" शिवांजली लाजेनं अर्धमेली झाली होती. पण त्या दिवसानंतर भावकीतली कुजबुज बंद झाली ती कायमची, आणि हे उपकार ती विसरली नव्हती. ते तिला अंजू म्हणत, ती त्यांना आबा.

केंद्रातलं शास्त्र तसं सांगायला सोपं आहे. माणूस बोलतो तेव्हा मेंदू जिभेला, ओठांना, कंठाला हुकूम सोडतो. झटक्यानंतर रंगरावांचा मेंदू हुकूम सोडतच होता. ते मधल्या वाटेत हरवत होते. शस्त्रक्रिया करून मेंदूच्या त्या जागी केसाहून बारीक तारा बसवल्या, की हुकूम उगमापाशीच टिपता येतात. कानामागच्या बटणाएवढ्या यंत्रातून ते केंद्रात जातात. तिथं प्रत्येक रुग्णाची तीन मशीन असतात. एक हुकूम ऐकणारं, एक त्यांतून वाक्य जुळवणारं आणि एक ते वाक्य रुग्णाच्या जुन्या आवाजात बोलणारं. गळ्यातल्या छोट्या स्पीकरमधून आवाज बाहेर पडतो. एवढं सगळं होऊनही वाक्य मनात पुरं झालं की क्षणभरातच ते ऐकू येतं.

ही मशीन म्हणजे लोखंडी पेट्या नव्हेत. खोलीत पेट्या तीनच. केंद्रातली मंडळी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणत. प्रत्येक पेटीच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेले पुष्कळ कॉम्प्युटर नांदत. त्यांना व्हर्च्युअल म्हणतात. शिवांजलीनं मालनला समजावलं होतं, "आई, मानलेला भाऊ असतो ना? रक्ताचा नसला तरी भाऊबीजेला ओवाळून घेतोच. तशी ही मानलेली मशीन." आणि त्या मशीनना एकमेकांशी बोलायला जो स्विच लागतो, तोही मानलेलाच. त्याला ना वायर ना दिवा. माहितीचं कुठलं पाकीट कुणाकडं द्यायचं, केवढं पाकीट आत घ्यायचं, हे सगळं त्याला पडद्यावरच्या रकान्यांतून शिकवावं लागतं. शिकवायचं राहिलं, तर कारखान्यानं जे पढवून पाठवलं असेल तेच तो इमानदारीनं करत राहतो.

उन्हाळ्याच्या अखेरीला रंगरावांचं पहिलं वाक्य स्पीकरमधून आलं. ते पाच मिनिटं चाललं. त्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर सुकन्या हर्डीकर यांच्या माहेरच्या गावाचाही उल्लेख होता. मालन तिथंच खुर्चीत बसून रडली आणि घरी येऊन तिनं भाकऱ्यांची चवड रचली.

मग नवरात्र आलं, आणि खंडेनवमी.

त्या दिवशी कोल्हापुरात हत्याराला हात लावत नाहीत. लेथ, ऐरणी, रिक्षा, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून एक दिवस निवांत ठेवतात. वाचा-केंद्राचे प्रमुख तंत्रज्ञ जावेदभाई मुल्ला उद्यमनगरातल्या कारागिराच्या घरातले. यंत्राला वर्षातून एकदा पाठ टेकू द्यायची, हे त्यांच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. पण रुग्णांचं बोलणं बंद कसं ठेवायचं? म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. थोरल्याच्या पोटातली मशीन चालू ठेवूनच बाकीच्या पेट्यांमध्ये हलवायची, थोरला बंद करायचा आणि त्याची पूजा करायची.

"बारा म्हैने राबतंय बिचारं. आजच्या दिवस झोपू दे," ते झेंडूची माळ सोडवत म्हणाले.

हलवाहलवी शिवांजलीकडं होती. बाकीच्या रुग्णांची तिन्ही मशीन एकत्रच मधल्यात मावली. आबांची मात्र मावेनात. त्यांचं जुळवणारं मशीन आयुष्यभराच्या निवेदनाच्या ध्वनिफितींवर शिकलेलं. ते एवढं फुगलं होतं की जागाच पुरेना. बोलक्या माणसाचं मशीनही तसंच, असं सगळे हसले. तिनं ते एक मशीन धाकट्यात ठेवलं. धाकटा नवाकोरा होता. त्याचा मानलेला स्विच तिनं तिथल्या तिथं उभा केला. नाव दिलं, वाटा जोडल्या, तपासणी लावली, हिरवा दिवा आला. एवढ्यात जावेदभाईंनी हाक मारली, "शिवांजली, चल, नारळ तूच फोड!" ती उठून गेली. आरती झाली, पेढे झाले, रात्र झाली. दुसऱ्या दिवशी दसरा. थोरला पुन्हा सुरू झाला, पण सगळं सुरळीत दिसत होतं म्हणून आबांची मशीन कुणी परत हलवली नाहीत.

दसऱ्यापासून रंगराव तुसडे झाले.

म्हणजे घरच्यांना तसं वाटलं. "आबा, जेवताय?" तर "हो." "भाजी कशी झालीय?" तर "बरी." पहिल्या दिवशी मालन खूश होती. "देवी पावली म्हणायची," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "माझं काय चुकलं का वं?" रंगरावांनी मान हलवली, डोळे मिटून जोर लावला, कपाळाची शीर तटतटली, आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. मग त्यांनी हळूच म्हटलं, "न्हाई." तेव्हा तिनं सरळ शिवांजलीला हाक मारली.

डॉक्टर हर्डीकरांनी तपासलं. "तारांभोवती कधीकधी व्रण धरतो," त्या म्हणाल्या. "मग संकेत क्षीण होतात. छोटे शब्द टिकतात, लांब वाक्यं आधी जातात. नेमकं हेच दिसतंय. शिवांजली, तुमच्या बाजूनं सगळं ठीक आहे ना?"

शिवांजलीनं पडदा पाहिला. तिच्या तपासणीनं प्रत्येक मशीनला हाक मारली होती, प्रत्येकानं ओ दिली होती. सगळं हिरवं. "नेटवर्क ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली.

व्रण वाढला तर जंतुसंसर्गाची भीती होती, म्हणून तारा काढाव्या लागणार होत्या. त्या जागी पुन्हा बसवता येत नाहीत, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आबांचं बोलणं गेलं तर आता कायमचं. निर्णय त्यांचाच होता. रंगरावांनी बराच वेळ तोंडातल्या तोंडात काही जुळवलं. ते काही केल्या बाहेर येईना. शेवटी स्पीकरमधून एकच शब्द आला.

"काढा."

रुग्णालयात भरती व्हायच्या सकाळी मालन पिशवी भरत होती आणि रंगराव खुर्चीतून एकेक वस्तू सांगत होते. "चष्मा." तिनं चष्मा घेतला. "टोपी." टोपी घेतली. शिवांजली दारात गाडीची किल्ली घेऊन उभी होती. टेबलावर दोन चष्मे होते, आणि मालननं चुकीचा उचलला होता.

"काळा चष्मा," रंगराव म्हणाले. मालनला ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, "काळा चष्मा घे." मग चिडून आणखी मोठं काही म्हणायला गेले आणि स्पीकर मुका झाला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मुकाच. एक पायरी खाली येऊन पुन्हा, "काळा चष्मा घे." खणखणीत, मैदानात घुमावा तसा आवाज.

शिवांजली चपापली. "आबा, परत म्हणा बघू. आधी एवढंच, मग एकेक शब्द वाढवत."

रंगरावांनी तिच्याकडं नवलानं पाहिलं, पण म्हटलं. तीन शब्द आले. चौथा जोडला की सगळंच गेलं. पुन्हा तसंच. आणखी एकदा, तसंच. शब्द अडखळत नव्हते, पुसट होत नव्हते. एका ठरावीक मापापर्यंत स्वच्छ येत होते आणि त्यापुढं थेंबभरही नाही. दुखणं असं नसतं. दुखणं सकाळी कमी असतं, संध्याकाळी जास्त असतं, दमल्यावर वाढतं. मापात बसेल तेवढंच आत घ्यायचं, हा स्वभाव मशीनचा.

"आई, आबांना घेऊन तुम्ही पुढं व्हा. भरती करा, पण कुठल्या कागदावर सही करू नका," असं सांगून ती केंद्राकडं सुटली.

जावेदभाई चहा घेत होते. "तपासणी तर हिरवी हाय की," ते म्हणाले.

"आपली तपासणी मशीनला नुसती हाक मारते, जावेदभाई. हाक केवढी असते? चिठ्ठीएवढी. चिठ्ठी जातेय हो. मला गठ्ठा पाठवून बघायचाय."

तिनं मधल्यातून धाकट्याकडं एक मोठं पाकीट सोडलं आणि वाटेत त्याचे तुकडे होऊ नयेत म्हणून त्यावर 'तोडू नये' असा शिक्का मारला. उत्तर नाही. थोडं लहान केलं, उत्तर नाही. कमी करत करत दीड हजार बाइटच्या आत आणलं, आणि उत्तर टुणकन आलं. केंद्रातली सगळी मशीन नऊ हजारांपर्यंतची पाकिटं पाठवत. धाकट्याचा स्विच मात्र दीड हजारांपर्यंतचीच घेत होता, कारण कारखान्यानं त्याला तेवढंच पढवलं होतं. मोठं पाकीट आलं की स्विच ते परत पाठवत नाही, तक्रारही करत नाही, गुपचूप टाकून देतो. आणि आबांचं वाक्य मोठंच असायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागून. 'मी रागावलो' आणि 'मी रागावलो नाही' यांतला फरक अगदी शेवटच्या शब्दाला कळतो. म्हणून ऐकणारं मशीन अख्खं वाक्य संपेपर्यंत थांबायचं आणि मग सगळा गठ्ठा एकदम पाठवायचं. तीन शब्दांचा गठ्ठा एका छोट्या पाकिटात मावत होता. त्यापुढचा नाही.

पडद्यावर धाकट्याच्या स्विचचा, पाकिटाच्या मापाचा तो रकाना तिच्यासमोर होता. आरतीनंतर भरायचा म्हणून तिनं सोडलेला.

"जावेदभाई, हे मी केलंय," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांना ठीक आहे म्हणून सांगितलंही मीच. उद्या त्यांच्या डोक्यातनं तारा काढणार होते."

जावेदभाईंनी कप खाली ठेवला. "काढल्यात का?"

"नाही."

"मग अल्लाचे आभार मान आणि रकाना भर. हाक मी मारली हुती नारळासाठी. निम्मी चूक माझ्या नावावर लिव्ह. रडायचं ते मागनं."

तिनं आकडा आधी चाचणीच्या वाटेपुरता बदलला. मोठं पाकीट पुन्हा सोडलं. लगेच पोच आली. आबांच्या वाटेलाही तो लावायला ती 'लागू करा' दाबणार, तेवढ्यात जावेदभाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. ऐकणाऱ्या मशीनच्या पोटात एक रांग साठली होती. पोच आल्याशिवाय ते कुठलंही वाक्य फेकत नाही. दसऱ्यापासून रंगरावांनी मनात उच्चारलेलं आणि बाहेर न आलेलं प्रत्येक वाक्य तिथं ओळीनं बसलं होतं.

"वाट मोकळी केलीस की ही सगळी भडाभडा भाईर येणार," जावेदभाई म्हणाले. "आपण अशा वक्ताला रांग पुसून टाकतो. शिळं बोलणं कुणाच्या कामाचं? का आधी हितंच लिवून बघूया, काय काय हाय ते?"

काय काय असेल, याची शिवांजलीला भीती वाटत होती. तिच्यावरचा रागही असेल. "नको," ती म्हणाली. "वाक्यं त्यांची आहेत. पुसायची का ऐकवायची, ते त्यांनाच विचारते. तोवर रांग धरून ठेवा."

वॉर्डात डॉक्टर हर्डीकर होत्या, मालन पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शिवांजलीनं सगळं सांगितलं, काहीही न झाकता. "मीही तुमच्या एका हिरव्या दिव्यावर विसंबले," डॉक्टर म्हणाल्या. "आज कळलं, हे आपलं नशीब. शस्त्रक्रिया रद्द."

मग शिवांजली सासऱ्यांच्या पायांशी बसली. "आबा, एवढ्या दिवसांत तुम्ही जे बोलायला गेलात ते सगळं साठून राहिलंय. पुसता येतं. नाहीतर आत्ता इथं, सगळ्यांसमोर बाहेर येईल. काय करू?"

रंगरावांनी बायकोकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग म्हणाले, "सोड."

तिनं जावेदभाईंना फोन केला. स्पीकरमधून खरखर आली आणि मैदानावरचा तो भरदार आवाज खोलीत उमटला.

"मालन, हे सोनं घे, आणि दसऱ्याचा दिवस हाय म्हणून सांगतो, म्या जलमभर पैलवानांची नावं त्यांच्या आज्या-पणज्यापातूर माईकवरनं सांगितली, पर जिच्या भाकरीवर हा आवाज पोसला त्या बाईचं नाव एकदाबी घेतलं न्हाई, ही माझी चूक हाय, आणि ती म्या आज घरच्या मैदानात कबूल करतो."

मालननं पदर तोंडाशी धरला. रंगराव स्वतःचंच बोलणं कान देऊन ऐकत होते, जणू दुसराच कुणी निवेदन करत होता.

"आमटीत मीठ न्हाई, पर सांगायची सोय न्हाई, कारण तू म्हणशील बोलायला लागल्यापास्नं खोड्या काढतोय." डॉक्टर फस्सकन हसल्या. त्यामागून मालनवर रागावलो नाही, अशी विनवणी करणारी बरीच वाक्यं आली, एकाहून एक लांब. मग डॉक्टरांसाठीचं आलं. "डॉक्टरीणबाई, तारा काढायच्या तर काढा, पर ज्या पुढच्या माणसाला तुम्ही ह्या बसवणार त्याला माझा निरोप सांगा, की भिऊ नको, चार म्हैने जरी बोलायला मिळालं तरी लई असतंय, तेवढ्यात माणसानं म्हणायचं ते म्हणून घ्यावं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

आणि शेवटचं.

"अंजू, तू तोंड पाडून त्या पडद्याकडं बघत बसतीस ते मला दिसतंय, तर आधी जेवून घे, आणि ध्यानात ठेव, गेलेली वाचा तू परत आणलीस, त्यावर म्या मनसोक्त बोललो, आता ती पुन्ना गेली तर त्यात तुझा दोष न्हाई, तुझे उपकार तेवढे बाकी ऱ्हातील."

रांग संपली. "आबा, दोष माझाच होता हो," शिवांजली म्हणाली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

रंगरावांचा हात तिच्या केसांवर आला. स्पीकरमधून ताजं वाक्य निघालं, कुठंही न तुटता. "आता उठ, आणि हे ऐक, ह्या घरात माझं बोलणं कुणी एवढं गप बसून कधी ऐकलं हुतं का, न्हाई ना, मग तुझी चूकबी माझ्या कामाला आली, आणि त्या जावेदलाबी सांग, पुढच्या खंडेनवमीला नारळ फोडायला म्या येतो, पर आधी तुमचे सगळे रकाने भरून होऊ द्या."

ती रडता रडता हसली. डॉक्टर हलकेच बाहेर गेल्या. खोलीत आता घरचीच माणसं उरली.

मालननं पिशवी खाली ठेवली, डोळे पुसले आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या अगदी समोर बसली.

"आवो," ती म्हणाली, "ते पैलं वाक्य परत म्हणा. मगाशी मशीन बोललं. आता माझ्याकडं बघून म्हणा."

रंगराव क्षणभर लाजले. मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि ते सबंध वाक्य, एकही शब्द न गाळता, पुन्हा म्हटलं.